पारदर्शक वाहक फिल्म वाकवल्यावर ‘जाते’ तेव्हा काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

फिल्म नवी असते तेव्हा व्यवस्थित चालते. थोडे दिवस वापरली, वाकवली, ताणली की रोध चढायला लागतो, टचचा एखादा पट्टा मुका होतो, पारदर्शक हीटर एकाच कडेला तापतो. फिल्म आयटीओची (इंडियम टिन ऑक्साइड) असो, चांदीच्या नॅनोतारांची (अतिसूक्ष्म तारांचं जाळं) असो की पेडॉट-पीएसएसची (वीज वाहणारं प्लास्टिक), घेऊन येणारा म्हणतो एकच: ‘फिल्म गेली, दुसरी द्या.’ हा बिघाड इतक्यांदा हाताखालून गेलाय की आता मी फिल्मकडे नंतर बघतो, आधी तिची टोकं बघतो. ‘गेली’ म्हणून आलेल्या बऱ्याचशा फिल्म गेलेल्या नसतात, त्यांचा जोड, म्हणजे फिल्म आणि बाहेरची तार जिथे भेटतात ती जागा, गेलेला असतो. ज्या खरोखर गेलेल्या असतात, त्या कशाने गेल्या हे न शोधता नवी लावली तर तीही त्याच वाटेने जाते.

खालचा क्रम फुकटाकडून महागाकडे जातो. सुरुवातीच्या तपासण्यांना साधा मल्टिमीटर, कात्री, पट्टी आणि थोडी सिल्व्हर पेस्ट पुरते. सूक्ष्मदर्शक शेवटी आहे आणि तो शेवटीच ठेवा. भेगेचा फोटो मिळाला की लोक तिथेच थांबतात, आणि भेग का पडली हा प्रश्न तसाच राहतो.

आधी लक्षण नीट लिहून घ्या

‘रोध वाढला’ एवढं पुरत नाही. कधी वाढला, वाढून उतरला का, कोणत्या दिशेने मोजला, हे कळलं तर निम्मं काम झालं.

- सपाट असताना रोध बरोबर, वाकवल्यावर मोठी उडी, सपाट केल्यावर पुन्हा जवळपास मूळ आकडा. आयटीओत भेगा पडल्यात किंवा जोड सैल आहे. दोन्हींचं लक्षण हुबेहूब सारखं दिसतं, म्हणूनच घोळ होतो.
- हात न लावता, कपाटात ठेवल्या ठेवल्या रोध हळूहळू चढतो. चांदी काळवंडतेय, पेडॉट ओल धरतंय, किंवा ग्राफीन अथवा कार्बन नॅनोनळ्यांच्या फिल्मवर केलेलं रासायनिक डोपिंग (वाहकता वाढवायला लावलेलं रसायन) उडून चाललंय. नायट्रिक आम्लाने केलेलं डोपिंग तर टिकतच नाही.
- पहिल्या ताणाला रोध बराच वाढला, पुढच्या ताणांना मात्र त्याच दोन आकड्यांच्या मध्ये वरखाली होतोय. नॅनोतारांच्या जाळ्यात हे बहुतेकदा नॉर्मल आहे.
- मीटरचं रीडिंग नाचतं, एका जागी ठरत नाही. जोड.
- रोध वाढण्याऐवजी शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींना लागल्या, शॉर्ट दाखवतायत. हा वेगळाच आजार, चांदीच्या फिल्मचा. त्याबद्दल पुढे.
- फिल्म कडेकडून पिवळसर किंवा धुरकट होत आत सरकतेय. हवा, ओल किंवा गंधक कडेतून शिरतंय.

मीटर आणि बाजू

हसू नका, पण सगळ्यात आधी हेच. पेट या प्लास्टिकवरच्या आयटीओ फिल्मला लेप एकाच बाजूला असतो आणि वर बहुधा दोन्ही बाजूंना संरक्षक फिल्म असते. ती इतकी स्वच्छ असते की काढायची राहून जाते, आणि मीटर ‘ओपन’ दाखवतो. कोपऱ्यात नखाने उचलून बघा. बाजू कळली की काठावर मार्करने लहानशी खूण करा.

नॅनोतारांच्या बऱ्याच फिल्मवर चांदी हवेपासून वाचावी म्हणून पातळ आवरण दिलेलं असतं. मीटरची टोकं त्या आवरणावर टेकतात. कधी खाली तारांपर्यंत पोचतात, कधी नाही, आणि रीडिंग बेभरवशाचं येतं. जोर देऊन दाबलं तर आकडा येतो खरा, पण तिथे ओरखडाही पडतो. आयटीओवरही टोचून मोजायची सवय वाईटच. टोकदार प्रोबभोवती करंट एका ठिपक्यातून पसरतो, त्यामुळे जो आकडा मिळतो तो फिल्मपेक्षा तुमच्या मनगटाच्या जोरावर जास्त अवलंबून असतो. दोन्ही टोकांना फिल्मच्या पूर्ण रुंदीभर सिल्व्हर पेस्टची आडवी रेघ ओढा, वाळू द्या, मग मोजा.

आता हिशेब. फिल्मचा रोध ‘ओहम प्रति चौरस’ मध्ये सांगतात. १ सेंमी रुंद आणि ५ सेंमी लांब पट्टीत ५ चौरस बसतात. फिल्म ६० ओहम प्रति चौरसाची असेल तर पट्टीचा रोध ३०० ओहम यायला हवा. पेटवरची आयटीओ सहसा काही दशक ओहम प्रति चौरसाच्या घरात असते. काचेवरची १० ते १५ पर्यंत खाली येते, कारण काच भट्टीत तापवता येते आणि पेट येत नाही. काचेच्या नमुन्याचा आकडा डोक्यात धरून पेटच्या फिल्मला ‘खराब’ ठरवणारे बरेच भेटतात. आधी तुमच्या फिल्मचा मूळ आकडा काय होता ते काढा. मूळ आकडाच ठाऊक नसेल तर त्याच रोलचा न वापरलेला तुकडा मोजा, आणि तोही नसेल तर पुढच्या खेपेला एक तुकडा बाजूला काढून ठेवा.

चार सुयांचं प्रोब असेल तर उत्तम, कारण त्यात जोडाचा रोध मोजमापात येतच नाही. सुया एका रेषेत, सारख्या अंतरावर असतील आणि नमुना त्या अंतराच्या मानाने बराच मोठा असेल, तर व्होल्टेज भागिले करंट गुणिले ४.५३ हा शीट रोध, म्हणजे तोच ओहम प्रति चौरसाचा आकडा. नमुना लहान असेल तर हा गुणक बदलतो. पीडीएमएससारख्या मऊ रबरावर सुया रुततात आणि फिल्म फाडतात. तिथे हा हट्ट सोडा.

जोड

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला.

पहिली चाचणी दोन मिनिटांची. फिल्मची दोन्ही टोकं, जोडासकट, दोन ताठ पट्ट्यांवर चिकटवा. मधला भाग मोकळा राहू दे. मीटर लावून ठेवा. आता फक्त मधला भाग वाकवा, जोड अजिबात हलता कामा नये. आकडा स्थिर राहिला तर फिल्म ठीक आहे. मग उलट करा: मधला भाग सपाट ठेवून प्लास्टिकच्या काडीने जोडावर हलकेच दाबा, बाजूला ढकला. आकडा उडाला तर चोर सापडला. बोटाने दाबू नका. चांदीच्या फिल्मवर घामातलं मीठ नको असतं, आणि बोटाचा जोर कुठे पडतो ते दिसतही नाही.

दुसरी चाचणी जरा जास्त कामाची, पण तिच्यातून मिळतं ते पक्कं. फिल्मची १ सेंमी रुंद लांब पट्टी कापा. तिच्यावर सिल्व्हर पेस्टच्या पाच बारीक आडव्या रेघा ओढा. शेजारच्या रेघांमधलं अंतर अनुक्रमे १, २, ३ आणि ४ सेंमी ठेवा. प्रत्येक शेजारच्या जोडीचा रोध मोजा. समजा आकडे आले १००, १६०, २२० आणि २८० ओहम. दर सेंटिमीटरला ६० वाढतायत, म्हणजे फिल्म ६० ओहम प्रति चौरस. अंतर शून्यावर आणलं तर ४० उरतात, ते दोन्ही जोडांचे मिळून. आता तुमच्याच जोडणीने, म्हणजे उपकरणात जी टेप किंवा पेस्ट वापरलीय तिनेच, हेच पुन्हा करा. आकडे ३४०, ४००, ४६०, ५२० असे आले तर चढ तोच ६० आहे. फिल्म धडधाकट, जोड मात्र २८० ओहम खातोय. उलट चढच ६० वरून २०० वर गेला असेल तर फिल्म खरंच बिघडलीय, आणि पुढच्या तपासण्यांकडे जा. कागदावर चार ठिपके आणि एक रेघ, एवढ्यावर हा निकाल लागतो. मी यावर जितका विसंबतो तितका दुसऱ्या कशावर नाही.

जोड बिघडायची कारणं ठरलेली आहेत. तांब्याची टेप घेतली, पण तिचा गोंद वाहक नव्हता. दिसायला दोन्ही टेप सारख्याच. गोंदाची बाजू आणि तांब्याची बाजू यांच्यात मीटर लावून बघितलं की कळतं. वाहक गोंदाची टेपसुद्धा वाकवून वाकवून कडेला उचलली जाते. नेहमीची सिल्व्हर पेस्ट वाळल्यावर कडक होते. ती ताणणाऱ्या फिल्मवर लावली की पेस्टची कड जिथे संपते, नेमक्या त्याच रेषेवर सगळा ताण गोळा होतो आणि फिल्म तिथे चिरते. उपाय म्हणजे जोड ताणाच्या भागात ठेवायचाच नाही. फिल्मची एक जीभ बाजूला काढा, ती ताठ पट्टीवर चिकटवा आणि जोड तिथे करा. ते जमत नसेल तर ताणता येणारी वाहक पेस्ट घ्या.

काही जण गॅलियम-इंडियमच्या द्रव मिश्रधातूचा थेंब ठेवतात. वजनाने ७५ टक्के गॅलियम आणि २५ टक्के इंडियमचं मिश्रण १५.५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणजे खोलीत बहुधा द्रवच असतं आणि कितीही ताणलं तरी तुटत नाही. पण ॲल्युमिनियमजवळ ते नेऊ नका, ॲल्युमिनियम भुसभुशीत होतं. पातळ चांदीलाही ते स्वतःत विरघळवून घेतं, तेव्हा नॅनोतारांच्या फिल्मवर थेट थेंब ठेवणं म्हणजे आजच्या जोडासाठी उद्याची फिल्म घालवणं.

आणि सोल्डरिंग आयर्न लांब ठेवा. आयटीओ नेहमीचं सोल्डर धरत नाही. पेट २५० अंशांच्या पुढे वितळतं, पण आकसायला आणि वेडंवाकडं व्हायला त्याच्या कितीतरी आधीच लागतं.

किती वाकवताय ते मोजा

जोड बरा निघाला की फिल्मवर या. आयटीओ म्हणजे वजनाने साधारण ९० टक्के इंडियम ऑक्साइड आणि १० टक्के टिन ऑक्साइड. आहे ते सिरॅमिकच. प्लास्टिकवर बसवलं म्हणून ते प्लास्टिक होत नाही. साधारण १ ते २ टक्के ताणाच्या टापूत त्याला भेगा पडायला लागतात. नेमका आकडा लेपाची जाडी आणि दर्जा यावर ठरतो, जाड लेप आधी फुटतो.

वाकवताना लेपावर किती ताण येतो हे तोंडी काढता येतं: आधारफिल्मची जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रॉनची पेट फिल्म ५ मिमी त्रिज्येला वाकवली तर ०.१२५ भागिले १०, म्हणजे १.२५ टक्के. धोक्याच्या रेषेवर. तीच ३ मिमीला वाकवली तर २ टक्क्यांच्या वर, आयटीओची आशा सोडा. हीच गोष्ट ५० मायक्रॉनच्या फिल्मवर केली तर ५ मिमीला फक्त अर्धा टक्का. म्हणजे कित्येकदा दुसरं महागडं मटेरियल शोधायची गरजच नसते, आधारफिल्म पातळ घेतली की भागतं. मात्र घडी घालणं हा वेगळाच प्रकार. घडीची त्रिज्या फिल्मच्या जाडीएवढीच उरते आणि ताण दहा टक्क्यांच्या कितीतरी पुढे जातो. खोक्यात कोंबताना एकदा पडलेली चुणी आयटीओला कायमची पुरते.

लेप कोणत्या बाजूला आहे तेही बघा. वाकाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तो ताणला जातो, आतल्या बाजूला असेल तर दाबला जातो. दाबात आयटीओ जास्त सोसतं. पण फार दाबलं तर आधारापासून सुटून वर उचललं जातं. उपकरणाची रचना तुमच्या हातात असेल तर फिल्म उलटी लावून बघणं हा फुकटचा उपाय आहे.

त्याहून चांगला उपाय म्हणजे लेपावर तेवढ्याच जाडीची दुसरी फिल्म पक्की चिकटवणं, म्हणजे लेप मधोमध येतो आणि वाकताना मधल्या पातळीवर ताण जवळजवळ शून्य असतो. यात एक मेख आहे. चिकटवायचा गोंद फार मऊ असेल, पारदर्शक ऑप्टिकल गोंद बहुधा असतातच, तर दोन्ही फिल्म एकमेकींवरून सरकतात आणि आपापल्या परीने वाकतात. मग सँडविच करूनही फायदा पुरता मिळत नाही. ‘दोन्हीकडून लॅमिनेट केलंय तरी फुटते’ या तक्रारीमागे बहुतेकदा हा मऊ गोंद असतो.

दोन्ही दिशांनी मोजा

शंकास्पद भागातून एक चौकोनी तुकडा कापा. आधी वाकवायच्या दिशेने रोध मोजा, मग तिच्याशी काटकोनात. आयटीओच्या भेगा ताणाला आडव्या पडतात, एकमेकींना समांतर. त्यामुळे ताणाच्या दिशेने करंटला प्रत्येक भेग ओलांडावी लागते आणि रोध अनेक पटींनी वाढतो, तर काटकोनात करंट दोन भेगांमधल्या पट्ट्यांतून सरळ निघून जातो आणि रोध फारसा बदलत नाही. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर सूक्ष्मदर्शकाशिवायच निदान झालं: भेगा.

दोन्ही दिशांना रोध सारखाच वाढला असेल तर कारण वाकवण्यात नाही, रसायनात आहे. ओल, गंधक, उष्णता.

नॅनोतारांच्या फिल्मबाबत इथे एक सावधगिरी. दांडीने लेप ओढून बनवलेल्या फिल्ममध्ये तारा ओढायच्या दिशेने थोड्या झुकलेल्या असतात, म्हणून नव्या फिल्मलाही दोन दिशांचा रोध वेगळा येऊ शकतो. नव्या तुकड्याशी ताडून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

सपाट केल्यावर रोध पूर्ववत होतो म्हणून खूश होऊ नका, एवढं सांगायला हवं. आयटीओची भेग सपाट स्थितीत मिटते, तिचे दोन काठ पुन्हा टेकतात आणि आकडा जवळपास जुनाच दिसतो. पुढच्या वाकाला ती तिथेच उघडते. प्रत्येक फेरीत काठ थोडे झिजतात आणि उतरलेला आकडा आधीपेक्षा जरा वरच थांबतो. हा प्रत्येक वेळचा ‘जरा’ लिहून ठेवला की फिल्म अजून किती चालेल याचा अंदाज येतो.

ओल, गंधक, घाम

पेडॉट-पीएसएसमधला पीएसएस पाणी ओढतो आणि फुगतो. वाहक असलेल्या पेडॉटच्या कणांमधलं अंतर वाढतं, रोध वाढतो. तपासणी सोपी: फिल्म ६० ते ७० अंशांवर काही तास वाळवा, कोरड्या डब्यात थंड होऊ द्या, लगेच मोजा. आकडा खाली आला तर ओल होती, आणि उपाय म्हणजे वाळवून लगेच कडा बंद करणं. याहून जास्त तापवायचा मोह आवरा. साध्या पेटचा मऊ पडण्याचा टापू ७० ते ८० अंशांपासून सुरू होतो. पेन (पेटचाच जास्त उष्णता सोसणारा भाऊबंद) या प्लास्टिकची फिल्म १२० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. वाळवूनही आकडा तिथेच राहिला तर पेडॉट स्वतःच बिघडलंय, बहुधा अतिनील किरणांनी आणि ऑक्सिजनने, आणि ते परत येत नाही.

सुरुवातीपासूनच रोध प्रचंड असेल, हजारपटीने वगैरे, तर शाईत डायमिथाइल सल्फॉक्साइड किंवा एथिलीन ग्लायकॉल घालायचं राहिलंय का ते विचारा. नुसत्या शाईच्या फिल्मची वाहकता सेंटिमीटरला १ सीमेन्सच्याही खाली असते. यातलं एखादं द्रावण साधारण ५ टक्के घातलं की ती शेकडोंत जाते. त्या फिल्मला बिघडलेली म्हणता येणार नाही, तिची कृतीच अर्धवट राहिलीय.

पेडॉट-पीएसएस आम्लधर्मी असतं, हेही ध्यानात असू द्या. चांदीच्या जाळ्यावर ‘संरक्षण’ म्हणून ते लावलं तर तेच चांदी खातं. आयटीओमधूनही ते हळूहळू इंडियम काढून घेतं. असे थर एकावर एक द्यायचेच असतील तर आम्लता मारलेली शाई घ्या.

चांदीचे शत्रू दोन, गंधक आणि क्लोरीन. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने चांदीवर सिल्व्हर सल्फाइड चढतं. भांड्यावर ते चढलं तर घासून निघतं. नॅनोतारेची जाडीच काही दशक नॅनोमीटर असते, तिथे घासायला काही उरतच नाही, अख्खी तार सल्फाइड होते. म्हणून फिल्म कुठे ठेवली होती ते विचारा. मी हा प्रश्न विचारतो तेव्हा समोरचा चकित होतो, पण रबरबँड लावून गुंडाळलेला रोल हे फार नेहमीचं उत्तर आहे. व्हल्कनाइझ केलेल्या रबरात गंधक असतो. पिवळसर पट्टा नेमका रबरबँडच्या जागी दिसला की आणखी तपासायचं काही राहत नाही. काही पुठ्ठ्यांतूनही गंधकाची संयुगं सुटतात. रोल बंद पिशवीत, शोषकासकट, अंधारात ठेवा, आणि हाताळताना हातमोजे घाला.

आता शेजारच्या पट्ट्या शॉर्ट होण्याबद्दल. दोन चांदीच्या पट्ट्यांमध्ये सतत डीसी व्होल्टेज आणि त्यात ओल, असं असेल तर एकीकडची चांदी आयन होऊन निघते, दुसरीकडे जाऊन जमते आणि झाडाच्या फांद्यांसारखी वाढत मधली फट ओलांडते. अशा जागी जास्त करंट सोडून फांदी जाळून टाकायचा उपाय काही जण करतात. एकदा चालतो, पण फट तशीच ओली राहते आणि फांदी पुन्हा उगवते. कडा बंद करा, फट वाढवा, जमलं तर डीसी ऐवजी एसीवर चालवा.

उष्णता आणि करंट

हे हीटरवाल्यांसाठी. चांदी ९६१ अंशांना वितळते म्हणून नॅनोतारा तेवढं सोसतील असं नाही. बारीक तार पृष्ठभागाच्या ओढीने त्याच्या कितीतरी खाली, काहीशे अंशांतच, तुटून मण्यांच्या माळेसारखी होते, आणि जितकी बारीक तितकी लवकर. एखाद्या कमजोर सांध्यावर उष्णता साचते, सांधा जातो, त्याचा करंट शेजारच्यांवर पडतो आणि अंधारी पट्टी करंटच्या आडव्या दिशेने पसरत जाते. इन्फ्रारेड कॅमेरा उसना मिळाला तर कमी करंटवर फिल्म बघा, गरम ठिपका बिघाडाच्या आधीच दिसतो. ठिपका जोडाच्या कडेला असेल तर वर जोडाबद्दल लिहिलंय तिकडे परत जा.

ताणणारी फिल्म असेल तर

आधी हिशेब, मग शंका. पदार्थ ताणला की लांब होतो आणि बारीकही होतो. घनफळ आणि रोधकता बदलली नाही तरी रोध लांबीच्या वर्गाने वाढतो. २० टक्के ताणाला १.४४ पट, ५० टक्क्यांना २.२५ पट. एवढी वाढ भूमितीचीच आहे, तिच्यासाठी फिल्म परत पाठवू नका. तिच्याहून बरीच जास्त असेल तरच पुढे बघा.

नॅनोतारा पीडीएमएसच्या वर नुसत्या पसरल्यात की आत रुतल्यात? कोपऱ्यावर साधी चिकटपट्टी लावून ओढा. पट्टीवर राखाडी थर आला तर तारा वरच होत्या. तारा आधी काचेवर पसरून, वर पीडीएमएस ओतून, घट्ट झाल्यावर सोलून काढलेली फिल्म याला सहसा दाद देत नाही.

प्लाझ्माचाही एक त्रास आहे. शाई पसरावी म्हणून पीडीएमएसला ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने भारलेला वायू) देतात. तो कमी पडला किंवा देऊन बराच वेळ गेला, तर पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकायला लागतो आणि लेप ठिकठिकाणी विरळ बसतो. जास्त झाला तर वर काचेसारखा कडक थर तयार होतो, ताणल्यावर तो तडकतो आणि त्याच्यावरची फिल्मही सोबत तोडतो. रबर मऊ आहे, नॅनोतारा चांगल्या आहेत, तरी थोड्याशा ताणाला समांतर तडे, असं दिसलं तर प्लाझ्माची वेळ कमी करून एक नमुना बनवा.

सूक्ष्मदर्शक

साधा ऑप्टिकल सूक्ष्मदर्शक पुरतो. आयटीओच्या भेगा परावर्तित प्रकाशात समांतर बारीक रेघांसारख्या दिसतात. सपाट नमुन्यात त्या मिटलेल्या असल्याने निसटतात, म्हणून तुकडा पेनासारख्या गोल दांडीवर वाकवून तसाच भिंगाखाली ठेवा. नॅनोतारा डार्क फील्डमध्ये (फक्त तिरपा, विखुरलेला प्रकाश दाखवणारी सोय) काळ्यावर चमकत्या रेघा दिसतात. मण्यांसारख्या तुटक दिसल्या तर उष्णता, अखंड पण एकमेकींपासून दूर सरकलेल्या दिसल्या तर ताण, खरबरीत गुठळ्या चढलेल्या दिसल्या तर गंधक.

इथे थांबा

आयटीओत भेगा नक्की झाल्या तर दुरुस्ती नाही. वरून वाहक शाई फासून भेग बुजवल्याची उदाहरणं दाखवतात, पण वाकणाऱ्या जागी ती टिकत नाही आणि पारदर्शकताही जाते. फिल्म बदला, आणि बदलायच्या आधी त्रिज्येचा हिशेब पुन्हा करा.

तयार उपकरण असेल, घडीचा फोन, चिकटवलेला डिस्प्ले, अंगावर लावायचा सेन्सर, तर जोडापर्यंत पोचण्यासाठी थर सोलू नका. त्यातला जोड वाहक कणांच्या फिल्मने उष्णता आणि दाब देऊन केलेला असतो. तो यंत्राशिवाय परत बसत नाही. आत बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच हात काढा आणि सर्व्हिसवाल्याकडे द्या.

पेडॉटची वाहकता वाढवायला तीव्र सल्फ्युरिक आम्लात बुडवायची कृती, किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाने आयटीओ कोरणं, हे फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारी पेटी) आणि शिकलेला माणूस यांच्याशिवाय करू नका. आयटीओचं टार्गेट (ज्यापासून लेप चढवतात ती घट्ट वडी) किंवा पावडर घासणं, दळणं तर नाहीच. इंडियमची धूळ श्वासात गेल्याने कामगारांना फुप्फुसाचे गंभीर आजार झाल्याची नोंद आहे. चांदीच्या नॅनोतारांची वाळलेली पूडही उडू देऊ नये.

आणि जोड ठीक, त्रिज्या ठीक, दोन्ही दिशांना वाढ सारखी, वाळवून फरक नाही, भिंगाखाली काही दिसत नाही, अशा वेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि पृष्ठभागाचं रासायनिक विश्लेषण लागतं. ते चालवणाऱ्या प्रयोगशाळेला नमुना द्या. देताना बिघडलेला तुकडा एकटा पाठवू नका. त्याच रोलचा नवा तुकडा सोबत ठेवा, दोन्हींवर लेपाची बाजू आणि वाकवायची दिशा बाणाने दाखवा, जिथे रोध वाढलाय ती जागा कडेला खुणेने दाखवा पण लेपावर काही लिहू नका, आणि तुकडे सपाट, स्वच्छ प्लास्टिकच्या डबीत पाठवा.